साडी आणि सादी

सातारला ज्यांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात मी काम शिकलो, त्या मालकांनी एकदा गिऱ्हाइकांसमोर मला ‘पाणी’ म्हणायला लावलं होतं. मी माण तालुक्यातला. आमच्याकडं ‘पानी’च म्हणतात. तिघं-चौघं हसले. मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर आपटून बाहेर पडलो आणि पुढं सांगलीत स्वतःचं दुकान टाकलं. ते हसणं मात्र विसरलो नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माधवनगरच्या एका कापड व्यापाऱ्याला वेबसाइट हवी होती. मालाची यादी मराठीत शोधता यावी, एवढीच अट. माझं ते पहिलंच वेबसाइटचं काम ठरलं असतं, पण त्यानं सातारच्या मालकांनाही बोलावलं. ते परवान्याचा महागडा डेटाबेस घ्या म्हणत होते. मी इंटरनेटवरून उतरवलेला फुकटचा सुचवला. लुंग्या आणि चादरी ठेवायला बँकेची तिजोरी कशाला, असं माझं म्हणणं होतं. आजही तेच आहे.

व्यापाऱ्यानं आम्हा दोघांना नमुना दाखवायला एकाच दिवशी पेढीवर बसवलं. माझ्या पानावर त्यानं स्वतः ‘साडी’ लिहून शोधलं. साड्या आल्या आणि त्यांच्यामागून सादी, म्हणजे बिननक्षीची, चादर आणि सादी लुंगीही आली.

“काय गड्या, आता लुंगी नेसवू का बायकूला?” व्यापारी म्हणाला.

मालक मिशीत हसले. “याला पहिल्यापासून ण आणि न एकच. आता मशिनलाही तीच सवय लावली यानं.”

कॉलर धरायलाच उठलो होतो. पण उभ्या उभ्याच ते वाक्य डोक्यात अडकलं. आमच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी छोटा एन दाबला की न उमटायचा, मोठा एन दाबला की ण. तसंच छोटा डी म्हणजे द आणि मोठा डी म्हणजे ड. मराठी फक्त आमच्या डोळ्यांना दिसत होती, आत सगळी इंग्रजी अक्षरंच साठत होती. आणि हा डेटाबेस शोधताना छोटं-मोठं अक्षर एकच धरत होता.

मी खाली बसलो. व्यापाऱ्याला म्हणालो, “तुम्ही दोघं जेवून या. तोवर जमलं नाही, तर यांचाच डेटाबेस घ्या. मी उठून जातो.”

“आन् जमलं तर?”

“तर काम माझं. मग घासाघीस नाही.”

“बरं, व्हय.”

डेटाबेसच्या माहितीपुस्तकाची छापील पानं पिशवीत होतीच. त्यांत सापडलं, यादीचे रकाने आखताना एक शब्द जास्तीचा लिहिला, की अक्षरं जशीच्या तशी ताडून बघितली जातात. तो शब्द घातला आणि यादी पुन्हा भरली.

ते परतले. ‘साडी’ला साड्याच आल्या. ‘सादी’ला चादर आणि लुंगी. व्यापारी मालकांकडं वळला. “आता तुमच्यात बी टाकून बघू की.” मालकांनी नमुन्याची यादी इंग्रजीत आणली होती.

काम मला मिळालं. उत्तर त्यांच्याच टोमण्यातून सापडलं, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, सांगणारही नाही. पायरी उतरताना त्यांनी विचारलं, “नेमकं काय केलंस रं?”

“काय न्हाई,” मी म्हणालो. “पानी प्यालो.”