पोलंडच्या हालिनाबाई आणि विहिरीवरची माझी ड्यूटी

एकाहत्तरची लढाई उरकून मी हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. गाव माण तालुक्यातलं. पुढच्याच साली दुष्काळ. सरपंच म्हणाले, "विहिरीवर तुमी थांबा. शिस्त लागंल."

सकाळी सातला रिपोर्ट. अकराला टँकर यायचा, पाणी विहिरीत सोडायचा. शिस्त म्हणजे काय, तर आधी गावानं शेंदायचं. गावकुसाबाहेरच्या बायांनी लांब बसायचं, शेवटी उरलं तर कुणीतरी वरून ओतायचं. त्यांची घागर पाण्याला लागली तर म्हणे विटाळ. हुकूम गाढवाचा हाय हे मला कळत होतं. तरी मिशीला पीळ देऊन मी उभा राहायचो.

त्या बायांत हालिनाबाई येऊन बसायच्या. पोलंडच्या. अकरा वर्षांच्या असताना, दुसऱ्या महायुद्धात, रशियनांनी घरच्यांसकट मालगाडीत कोंबून सायबेरियात नेलं. आई तिथंच गेली. पुढं कोल्हापूरजवळच्या पोलिश छावणीत आल्या, तिथं काम करणाऱ्या आमच्या गावच्या कारकुनाशी लग्न केलं आणि इथल्याच झाल्या. गावाच्या लायनीत त्यांचा नंबर होता, पण तो घ्यायच्या नाहीत. बायांचे अर्ज लिहायच्या, मामलेदाराशी भांडायच्या. सरपंच हसायचे, "कातडं गोरं, पर अक्कल न्हाई." स्वतः मात्र मामलेदाराची जीप दिसली की धोतर सावरत पळायचे.

मे महिन्यात एक दिवस टँकर दुपारी एक वीसला आला. लांबच्या बायांतली सखू सातपासून उन्हात बसलेली. पोटुशी, आठवा महिना. गावाच्या घागरी संपेनात. हालिनाबाई उठून माझ्याकडं आल्या.

"आवं हवालदार, सखूला आधी द्या. पडंल ती."

"लाईन मोडता येत न्हाई, बाई."

"माजी आई बी सायबेरियात पावाच्या लायनीतच मेली."

त्यांनी सखूचीच घागर उचलली, दोर बांधून आत सोडली. सरपंच म्हणाले, "हवालदार, रोखा तिला."

मी गेलो. शत्रूच्या बंकरवर चालून गेलेला गडी मी, एका बाईच्या हातातला दोर हिसकला. घागर दोरासकट तळाला गेली. सखू उठली, घराकडं निघाली. दोनच्या सुमाराला वाटेत पडली, ती उठलीच नाही. पोटातलंही गेलं.

दुसऱ्या दिवशी सातला हालिनाबाई विहिरीच्या काठावर बसलेल्या. म्हणाल्या, "आजपास्नं एकच लाईन. न्हाईतर ढकला मला आत."

सरपंचांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सरपंच, लायनीत मागं जावा." ते गेले. इतकं सोपं होतं ते, आणि मला आदल्या दिवशी सुचलं नव्हतं. त्याची मला आजही किळस येते.

अठ्ठ्याहत्तरला हालिनाबाई वारल्या. पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेत झेंड्यापुढं मी माझ्या सेक्शनच्या, एकाहत्तरला पडलेल्या तिघांची नावं घेतली. मग सखूचं. मग हालिनाबाईंचं.

सरपंच खुर्चीतून उठले. "ह्या बाया कुठल्या लढाईत पडल्या?"

"हालिनाबाई जलमभर आपल्याशीच लढल्या. सखूला मी मारलं, तुमच्या हुकमानं. बसा खाली."