लखपती गयाबाईचा निराधार पगार

निराधार शाखेत काम करते म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. त्यांना वाटतं, तिथं दिवसभर रडारड असते. असतेही. पण हसू पिकतं तेही तिथंच. यांच्या माघारी अनुकंपावर मी तालुक्याच्या कचेरीत या खुर्चीवर आले, तेव्हा वाटलं होतं, आपला इथं निभाव लागणार नाही. आता घरी जाताना डबा रिकामा असतो आणि डोक्यात एखादा तरी किस्सा भरलेला असतो. सांगायला घरी कुणी नाही, म्हणून ते साचत गेले.

आमच्याकडं अट साधी आहे. वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असेल, तर निराधाराला दरमहा पैसे मिळतात. गावात त्याला ‘पगार’ म्हणतात. मजुरी मोजता येते, शेत मोजता येतं. घोळ होतो तो नशीब मोजताना!

*

शेषराव एका पायानं अधू. मोबाइलवर क्रिकेटची टीम लावायचा. एकदा त्यानं जिंकल्याचा फोटो टाकून स्टेटस ठेवलं : ‘एक कोटी जिंकलो, आई-बाबांचा आशीर्वाद.’ आठवड्यात तक्रार आली, कोट्यधीश माणूस निराधारचा पगार उचलतो म्हणून.

आमचे साहेब, म्हणजे नायब तहसीलदार, पुण्याकडचे. नवीन होते आणि नियमाचे पक्के. त्यांनी शेषरावला बोलावलं. तो म्हणाला, फोटो दुसऱ्याचा आहे, सोयरिकीची बोलणी चालली होती म्हणून टाकला. साहेब म्हणाले, जिंकला नाहीस याचा पुरावा आण.

दुसऱ्या दिवशी शेषराव तिघांना घेऊन आला. “साहेब, हे माह्या संगं हारले. यायले इचारा.”

तिघांनीही अभिमानानं साक्ष दिली. त्यातला एक जाताना मला हळूच विचारून गेला, हरलेल्यांसाठी काही योजना आहे का.

*

दुसरा एक गडी आला उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. मजुरीचे चाळीस हजार लिहा म्हणाला, आणि त्यातून मटक्यात घालवलेले तीस हजार वजा करा. उरले दहा, म्हणजे मी बसतो.

साहेबांनी समजावलं की जिंकलेले पैसे उत्पन्नात धरतात, हरलेले वजा होत नाहीत. शिवाय मटका खेळणं हा गुन्हा आहे.

गडी म्हणाला, “गुन्हा हाय, तं जितल्यावर त्याचे पैसे धरता काऊन?”

साहेबांनी मला पंखा वाढवायला सांगितला. पंखा पाचावरच होता.

*

आता गयाबाई. हिचा किस्सा सुटा सांगता येत नाही, तो हप्त्याहप्त्यानं घडला.

गयाबाई विधवा, एकटी, वय सत्तरीला टेकलेलं. पगारावर तिचा किराणा आणि बीपीच्या गोळ्या चालायच्या, बाकी आधार नाही. आणि आमच्याकडं एकदा नाव कटलं की नवा अर्ज, नवी चौकशी, मग समितीची बैठक. तोवर माणूस गोळ्यांवाचून काढेल किती दिवस? तिचं नाव कटायची वेळ आली, ती लॉटरीपायी.

तीही तिनं काढली नव्हती. शेगावला दर्शनाला गेली, स्टेशनजवळ पाण्याची बाटली घेतली. दुकानदाराकडं सुटे नव्हते. चॉकलेट देऊ लागला, तर ही म्हणाली दात नाहीत. मग त्यानं लॉटरीचं तिकीट दिलं. त्या तिकिटावर पंचवीस हजार लागले.

सरकारनं तीस टक्के कर जागेवर कापला. हातात आले साडेसतरा हजार.

एवढ्यावर भागलं असतं. पण आमच्या भागात कुणाचं काहीही बरं झालं की चौकात फ्लेक्स लागतो. म्हैस पहिलटकरीण झाली तरी लागेल. ग्रामपंचायतीच्या सदस्यानं एसटीच्या थांब्यावर बारा बाय आठचा फ्लेक्स लावला. त्यावर स्वतःचा फोटो मोठा, गयाबाईचा लहान, आणि वर ठळक : ‘लखपती गयाबाई यांचे हार्दिक अभिनंदन!’

तिच्याकडं लाख कुठले, म्हणून तलाठी वानखडेभाऊंनी नंतर फ्लेक्सवाल्याला खडसावलं. तो म्हणाला, “भाऊ, ‘पंचवीस हजारपती’ वाचाले बरं नाही दिसत.”

*

त्या सदस्यानं निवडणुकीत ज्याला पाडलं, तो श्रीराम. त्यानं फ्लेक्सचा फोटो काढून तक्रार केली : लखपती बाईचा पगार बंद करा.

वानखडेभाऊ चौकशीला गेले. पैसे कुठं आहेत विचारलं, तर गयाबाईनं गावाकडं बोट दाखवलं. महाराजांच्या दारात लागलेली लॉटरी, भंडारा झालाच पाहिजे, असा गावानं आग्रह धरला होता. झुणका-भाकर, वर बुंदी. साडेसतरा हजार दोन पंगतींत जेवून झाले. श्रीराम दोन्ही पंगतींना होता.

आणि वानखडेभाऊ?

“मी दुसऱ्या पंगतीले,” ते म्हणाले. “बुंदी संपली होती.”

पंचनाम्यात त्यांनी लिहिलं : रक्कम शिल्लक नाही, गाव तृप्त आहे. साहेबांनी दुसरं वाक्य खोडायला लावलं.

*

सुनावणीआधी गयाबाई माझ्या टेबलासमोर बसली होती. आत साहेब आणि वानखडेभाऊ वाद घालत होते की उत्पन्न पंचवीस धरायचं की साडेसतरा. साडेसतरा धरलं तर ती आत, पंचवीस धरलं तर बाहेर. साहेबांचं म्हणणं, कर कापण्याआधीची रक्कम धरायची.

गयाबाईनं ते ऐकलं. “जे सरकारनं घेतले, तेबी माह्याच नावावर?”

मी म्हटलं, “तसंच दिसतंय, मावशी.”

मग तिची नजर माझ्या गळ्याकडं गेली. “तुमचेबी गेले का, बाई?”

मी मान हलवली.

“मंग तुमी तिकडून काऊन बसल्या? तुमी तं माह्या रांगेतल्या.”

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि उरलेला अर्धा ग्लास माझ्याकडं सरकवला.

*

सुनावणीत श्रीरामनं मोबाइलवरचा फोटो दाखवला. साहेब म्हणाले, फोटो चालणार नाही, मूळ पुरावा हजर करा. फ्लेक्स कुठं आहे?

फ्लेक्स थांब्यावर नव्हता. तो कुठं गेला, ते श्रीरामला माहीत नव्हतं. गयाबाईला माहीत होतं, पण तिला कुणी विचारलं नाही. शेवटी साहेबांनी पुढची तारीख दिली आणि वानखडेभाऊंना पुरावा जप्त करून आणायला सांगितलं.

त्या तारखेला वानखडेभाऊ आणि श्रीराम दोघं मिळून फ्लेक्सची गुंडाळी घेऊन आले, मागं गयाबाई. साहेबांच्या केबिनमध्ये तो मावेना, म्हणून व्हरांड्यात उलगडला. ‘लखपती’ ही अक्षरं जिन्यापर्यंत गेली. साहेबांनी एक कोपरा उचलून पाहिला. खालची बाजू काळीकुट्ट होती.

“हे काय?”

“चुलीचा धूर, साहेब,” वानखडेभाऊ म्हणाले. “हा बाईच्या घरावर होता. टिनं मागच्या वादळात उडाले. आम्ही सकाळी उतरवला.”

“म्हणजे आता घरावर काय आहे?”

वानखडेभाऊंनी पंचनामा पुढं केला. त्यात शेवटची ओळ होती : लखपती लाभार्थीच्या घरास छप्पर नाही.

श्रीराम म्हणाला, तो मुद्दा वेगळा, पुरावा वेगळा. साहेबांनाही नियमानं तेच बरोबर वाटलं. ते म्हणाले, पुरावा फाइलला लावून ठेवा, निकाल पुढच्या महिन्यात देऊ. मी फाइलकडं पाहिलं, मग जिन्यापर्यंत पसरलेल्या पुराव्याकडं.

 गयाबाईनं व्हरांड्यातून बाहेर वाकून वर पाहिलं.

“साहेब, आभाळ भरून येऊन राह्यलं. एक तं निकाल द्या, नाही तं छप्पर द्या.”

साहेबांनी बोटांना लागलेली काजळी रुमालाला पुसली. मग माझ्याच टेबलाशी बसून त्यांनी लिहिलं : प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम मर्यादेत. लाभ सुरू ठेवावा. पुरावा संबंधितास परत.

*

संध्याकाळी मी स्टँडवर माझ्या गाडीची वाट बघत होते. गयाबाईच्या गावाला शेवटची एसटी लागली. फ्लेक्सचं एक टोक तिनं धरलेलं, आणि दुसरं श्रीरामनं, कारण गाव एक, गाडी एक, आणि ढग डोक्यावर आलेले. गुंडाळी दारातून कशीबशी आत गेली.

कंडक्टर म्हणाला, एवढ्या सामानाचं लगेज लागेल. कुणाच्या नावावर फाडू?

गयाबाई खिडकीजवळ बसून पदर सावरत होती. तिनं श्रीरामकडं बोट केलं.

“त्यायले माग. मी तं निराधार हाय.”