बाबांची हिंगणीची मैत्रीण

मागच्या रविवारी मी वर्ध्याजवळच्या हिंगणीला जाऊन आले. बाबांना सांगितलं, मैत्रिणीकडे डोहाळजेवण आहे... खरं म्हणजे मी एका बाईला रंगेहाथ पकडायला निघाले होते.

माझे बाबा सत्तरीच्या पुढचे. वर्ध्यात त्यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, ते बंद होऊनही बरीच वर्षं झाली. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि मी दिवसभर ऑफिसात.

जुन्या गाण्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये त्यांना मीच जोडून दिलं होतं. तिथे त्यांना हिंगणीच्या निर्मलाताई भेटल्या. हळूहळू ग्रुपवरचं बोलणं पर्सनल मेसेजवर आलं...

त्या गाणं पाठवणार, बाबा त्यातल्या सारंगीवर चार ओळी लिहिणार. त्या लायब्ररीतल्या पुस्तकाचं रोज एक पान वाचून, रेकॉर्ड करून पाठवणार. शिवाय आज भाजी काय केली, मांजर कुठे व्याली, दळण आणलं का... सगळंच.

आधी मला बरं वाटलं. मग खटकायला लागलं. डीपीला पळसाचं फूल, स्वतःचा फोटो एकही नाही, व्हिडिओ कॉल कधीच नाही. आणि वाचणारा आवाज इतका गोड, की माझा संशय वाढतच गेला.

एकदा बाबा आंघोळीला गेले असताना त्यांचा मोबाईल वाजला. 'मुलगी किती वाजता येते घरी?' मी जरा वर सरकवलं... 'आज एकटेच आहात का?' आणि त्याच्याही वर, 'दुपारी आतून कडी लावत जाऊ नका.'

म्हाताऱ्या माणसांना गोड बोलून घरात शिरणाऱ्यांच्या बातम्या आपण रोज वाचतो. आता आपल्याच घरावर कुणीतरी नजर ठेवून आहे, असं वाटायला लागलं.

संध्याकाळी विचारलं, "बाबा, ह्या निर्मलाताई नेमक्या कोण?"

"माई मैत्रीण आहे. तुले काऊन पायजे?" एवढंच बोलले, आणि त्या दिवसापासून मोबाईल सदऱ्याच्या खिशात. झोपतानाही तिथेच!

पण नंबर मी लिहून घेतला होता. ऑफिसातून फोन लावला, तर एका तरुण बाईनं उचलला. "कोण बोलून राह्यलं? काय काम आहे? नंबर कुठून भेटला?" 'निर्मलाताई आहेत का?' एवढंच मी विचारलं, आणि फोन कट. पुन्हा लावला तर मी ब्लॉक. म्हणजे ही एकटी बाई नाही, टोळी आहे... माझी खात्रीच पटली.

पोलिसांकडे जायच्या आधी एकदा ठिकाण पाहून यावं, म्हणून स्कूटी काढली. सेलूच्या पुढे रस्ता रिकामा होत गेला, तशी धाकधूक वाढत गेली. चक्कीशेजारी आपलं किराणा दुकान आहे, असं त्यांनीच बाबांना लिहिलेलं मी वाचलं होतं. दुकान खरंच होतं.

काउंटरवर माझ्याच वयाची एक बाई. मी निर्मलाताईंचं नाव घेतलं मात्र, तिनं माझा आवाज ओळखला.

"तुमीच फोन केलता नं? माया सासूचा नंबर कोणी देल्ला तुमाले? आजकाल फ्रॉडवाले लय झाले. म्हणून तं मी त्याइले फोटो बी टाकू देत नाई!"

मी त्यांना चोर समजत होते, आणि ती मला!

मी वर्ध्याहून आलेय म्हणताच आतून साठीच्या एक बाई पिठाचे हात पुसत आल्या. "वर्ध्याची काय व तू? रेडिओवाल्या भाऊची पोरगी?" मी मान हलवली. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "पुन्हा पडले काय भाऊ?"

पुन्हा म्हणजे?

त्यांनी मला आत नेऊन बसवलं. काही दिवसांपूर्वी भरदुपारी बाबा चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडले होते. दाराला आतून कडी. बराच वेळ तसेच पडून राहिले, मग स्वतःच कसेबसे उठले. मला एका शब्दानं बोलले नाहीत, यांना मात्र सांगितलं.

"मी किती म्हटलं, पोरीले सांगा. तं म्हणे, पोरगी नोकरी सोडून घरी बसन. शपथच घातली मले. तुया नंबर मागतला, तो बी नाई देल्ला. मंग काय करू? तू येईपर्यंत गाणे पाठवत राह्यते. उत्तर आलं का जीव भांड्यात पडते."

सून म्हणाली, "एकदा दुपारभर उत्तर नाई आलं, तं ह्या दुकान मायावर टाकून एसटीसाठी स्टँडवर जाऊन उभ्या! पत्ता बी पुरा माईत नाई. अन् तिकडे भाऊचा मोबाईल चार्जिंगले लागून होता."

भांडायला म्हणून रस्ताभर जुळवलेली वाक्यं होती माझ्याकडे... मी पाणी मागितलं.

परत येऊन बाबांना डॉक्टरकडे नेलं. बीपीच्या गोळीचा डोस जास्त होत होता, तो कमी केला. सध्या चक्कर नाही. बाबा मात्र दोन दिवस आम्हा दोघींवर रुसून होते, एकीनं शब्द मोडला आणि दुसरीनं मोबाईल पाहिला म्हणून.

आता निर्मलाताईंकडे माझा नंबर आहे, शेजारच्या काकूंचाही. त्यांच्या सुनेनं मला अनब्लॉक केलंय, फक्त नाव 'वर्धा फ्रॉड' असंच ठेवलंय म्हणे.

बाबांनी आणि त्यांनी एकमेकांना अजून पाहिलेलं नाही. काल मी म्हटलं, "बाबा, चला की एकदा हिंगणीला, भेटून येऊ."

कानातला इयरफोन न काढता म्हणाले, "जाऊ नं कधी. भेट तं रोजच होऊन राह्यली."

निर्मलाताई, बाबांच्या सगळ्या दुपारी तुम्ही सांभाळल्यात... थँक्यू.