खिंडीतला बर्फ वाळला का?

बर्फाविषयी सगळ्यात जास्त माहिती असलेला माणूस हिंगोलीत राहतो, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. मे महिन्यात दुपारी बाराला जिथे रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, त्या गावात आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, सकाळी सात वाजता ओसरीत बनियनवर बसून हिमालयातल्या एका खिंडीत काल किती बर्फ पडला याची चौकशी फोनवर करत असतात, आणि तीही अशा आवाजात की शेजारच्या चार घरांना वेगळ्या बातम्या लावायची गरज पडू नये. मी शाळेत भूगोल शिकवतो. हिमस्खलन, हिमनदी, हिमरेषा सगळं मी आठवीच्या पोरांवर अनेक वर्षं कोसळवत आलोय, आणि रसवंतीतला सोडून दुसरा बर्फ मी हिमालयात जाईपर्यंत पाहिलेला नव्हता. दाजींनीही नव्हता. पण माझ्यात आणि त्यांच्यात फरक असा, की मला न पाहता शिकवता येतं आणि त्यांना न पाहता पाऊल उचलता येत नाही.

ही खोड जुनी आहे. त्यांच्या लग्नाच्या आदल्या दिवशी वळवाचा पाऊस झाला होता आणि आमच्या गावच्या वाटेवरच्या काळ्या मातीचा नुसता डिंक झाला होता. वडील मांडवाला आंब्याचे डहाळे बांधत होते. तेवढ्यात गुडघ्यापर्यंत चिखल आणि खांद्यावर सायकल अशा अवतारात एक माणूस अंगणात येऊन उभा राहिला. वडिलांनी विचारलं, "कोन पायजे?" तो म्हणाला, "कोनी न्हाई. उद्या वऱ्हाड येनार हाय, गाड्या वढ्यातून निघतेत का बघून राहिलो." "बरं, पर तुमी कोन?" "नवरदेव." वडिलांच्या हातातला डहाळा खाली पडला. आक्का दाराआडून बघत होती. ती अजून सांगते, "तवाच मला कळलं, ह्या मानसासंगं कुटंबी जायाचं तर दोन दिवस लागनार. एक बघायला, एक जायाला." त्यानंतर आजतागायत कनेरगाव नाक्याला जेवायला जायचं असलं तरी दाजी आधी ढाबेवाल्याला फोन करून रस्त्याचं काम कुठपर्यंत आलंय, धूळ किती आहे आणि चुलीवर नेमकं काय आहे हे विचारतात. ढाबेवाला एकदा मला म्हणाला होता, "सर, दाजी आले की बरं वाटते, पर यायच्या आधी लई तकलीफ देतेत."

पण त्यांच्या या खोडीला हिंगोलीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मोठा मान होता, हेही सांगितलं पाहिजे. दाजी एका आडतीवर हळदीचे पारखी होते. पोत्यात हात घालायचा, एक हळकुंड काढायचं, कानाजवळ नेऊन मोडायचं आणि आवाज ऐकून सांगायचं, "वाळली," किंवा "ओली हाय, अजून चार दिवस ऊन दाखवा." चांगल्या वाळलेल्या हळकुंडाचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा दबका, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण मधल्या शंभर आवाजांतला फरक फक्त दाजींना कळायचा. ओलावा मोजायचं मशीन आलं तेव्हा लोकांनी ते लावून पाहिलं आणि मशीन दाजींशी जुळतंय म्हणून ते चांगलं आहे असं ठरवलं. शेतकरी आणि व्यापारी एकमेकांवर विश्वास ठेवायचे नाहीत, पण दाजींच्या कानावर दोघेही ठेवायचे. त्या कानाने कधी खोटं सांगितलं नव्हतं.

त्या आडतीच्या भिंतीवर एका जुन्या कॅलेंडराचं चित्र चिकटवलेलं होतं. दोन डोंगर, मधे बर्फाने भरलेली खिंड, वर निळं आभाळ. दाजी हळदीच्या धुळीत शिंकत शिंकत तीस वर्षं त्याच्याखाली बसले. मग एक दिवस मला म्हणाले, "मास्तर, तीस वर्षं ह्या डोंगराला अल्याडूनच बघून राहिलो. पल्याड काय हाय, ते एकदा बघायचं." मी म्हणालो, "पल्याड उतार असतो, दाजी." ते म्हणाले, "ते तुमच्या पुस्तकात." डॉक्टरांनी त्यांचा दुखरा गुडघा हलवून पाहिला आणि स्पष्ट सांगितलं की या गुडघ्यात एवढी एकच चढण उरली आहे, यंदा जायचं तर जा, पुढच्या वर्षी विचारायलासुद्धा येऊ नका. म्हणजे संधी एकच. आणि सोबत कोण, तर मी. आक्काने मला बाजूला घेऊन बजावलं, "तुझ्या भरवशावर सोडून राहिले, ध्यानात ठेव." कोण कोणाच्या भरवशावर होतं ते पुढे कळलंच.

पाच दिवसांची वाट होती आणि तिची चौकशी पाच महिने चालली. दाजींनी मोबाइलमध्ये हवामानाची चार ॲपं घेतली. चौघांचं एकमेकांशी पटेना, म्हणून त्यांनी चौघांनाही नापास केलं. मग उपग्रहातून दिसणाऱ्या बर्फाची चित्रं फोनवर शोधून काढायला शिकले आणि ती मोंढ्यात ज्याला त्याला दाखवू लागले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने फोन हातात घेऊन काळं-पांढरं बराच वेळ निरखलं आणि काळजीने विचारलं, "दाजी, कोनाची छाती हाय ही?" शेवटी दाजींनी खिंडीच्या पायथ्याच्या गावातल्या एका खेचरवाल्याचा नंबर कुठून तरी मिळवला. तिथून खरी मजा सुरू झाली. रोज सकाळी सातला फोन, स्पीकरवर, आणि आमची ती मोंढ्यातली हिंदी. "भैया, आज बर्फ कित्ता है? खच्चर का पाँव कहाँ तक घुसा?" पलीकडून तो बिचारा म्हणायचा, "बाबूजी, आज तो खच्चर ही नहीं गया." "काहून नहीं गया?" "बाबूजी, जनवरी है." पण हळूहळू त्यालाही नाद लागला. ओढ्यावरचा पूल हिवाळ्यात वाहून गेला, त्याच्या फळ्या पुन्हा बसल्या का, दरड कुठे आली, तंबूच्या जागेवरचा बर्फ हटला का, हे तो आपणहून सांगू लागला. आक्काच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या टाकीची तारीख, सोयरिकीतली लग्नं आणि खिंडीतला बर्फ असं सगळं शेजारी शेजारी नांदत होतं.

सगळ्यात कहर म्हणजे ते त्याला चालायला लावायचे. "भैया, फोन जूते के पास लेके चार कदम चलो." मग दाजींच्या ओसरीत हिमालयातल्या बर्फावरचे चार पावलांचे आवाज यायचे. कधी पचपच, कधी करकर. दाजी डोळे मिटून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, "ओला हाय. अजून वाळला न्हाई." मी हसून हसून लोळायचो. बर्फ वाळतो का, असं मी भूगोलाच्या अधिकाराने विचारायचो. पण खेचरवाला तिकडून गंभीरपणे म्हणायचा, "बाबूजी सही बोल रहे हैं. ये बर्फ धँसेगा."

सरावाचं तर विचारूच नका. पाठीवरच्या पिशवीत दहा किलो हळकुंडं भरून दाजी सिद्धेश्वरच्या धरणाच्या भिंतीवरून चालायचे. घामाने हळद उतरून सदरा पाठीमागून पिवळाधमक व्हायचा आणि वाटेत भेटणारा माणूस विचारायचा, "कोनाच्या हळदीला गेलते?" मग त्यांना वाटलं, चालणं झालं, पण बर्फावर कुठे झालं? धरणावर मासे धरणारे लोक मासे ठेवायला बर्फाचा चुरा आणतात. दाजींनी त्यातला दोन खोकी चुरा घेऊन उतारावर पसरला आणि नवे बूट घालून त्यावर वर-खाली केलं. मासेवाली मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "आवं दादा, मासे घ्या न्हाईतर नका घेऊ, पर खायच्या बर्फात काहून नाचून राहिले?" त्या बुटांना जो वास लागला तो हिमालयापर्यंत टिकला. पायथ्याच्या गावात उतरलो तेव्हा सात-आठ केसाळ कुत्री आमच्या मागे लागली. खेचरवाल्याला वाटलं, बाबूजींना मुक्या जनावरांचा फार लळा आहे.

तर आम्ही गेलो. आगगाडीतच मला सर्दी झाली होती, पण ती मी कोणाला सांगितली नाही. हिमालय चढायला निघालेल्या भूगोलाच्या शिक्षकाने सर्दीचं काय सांगायचं? पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी खोकला लागला. तिसऱ्या दिवशी मी दहा पावलं टाकून निसर्ग बघायला थांबू लागलो. दाजी त्या गुडघ्यानिशी पोरासारखे पुढे जात होते आणि दर वळणावर माझी वाट बघत उभे राहत होते. खिंडीखालच्या शेवटच्या मुक्कामी पोचलो तेव्हा समोर अगदी त्या कॅलेंडरातलं चित्र उभं होतं. दाजींनी टोपी काढली आणि तशीच हातात धरून बराच वेळ उभे राहिले.

सकाळी निघायचं होतं. उजाडताना दाजी मला उठवायला आले, अर्धवट झोपेत असलेल्या माझ्याजवळ जरा बसले आणि मग खेचरवाल्यासोबत बर्फ बघायला वर गेले. अर्ध्या तासाने परत आले आणि म्हणाले, "मास्तर, सामान बांधा. खाली जायाचं. बर्फ ओला हाय." मी उठून बसलो. "अहो दाजी, शेजारच्या तंबूतला पुण्याचा ग्रुप तर निघाला!" "जाऊ द्या त्यांला. ओला हाय म्हनलं ना." मी भांडलो, खोकलो, पुन्हा भांडलो. मला म्हणाले, "खेचर रिकामं चाललंय, बसा." मी बसलो. संध्याकाळपर्यंत आम्ही खालच्या गावात होतो, आणि तिथे दाजींनी गुडघा दाखवायचा म्हणून डॉक्टर गाठला. तो डॉक्टरही विचित्रच. गुडघा त्याने दोन मिनिटं पाहिला आणि 'आलाच आहात तर' म्हणून माझी छाती अर्धा तास तपासली आणि मला चार दिवस झोपवून ठेवलं.

पुण्याचा ग्रुप आरामात खिंड ओलांडून गेला. त्यांनी पलीकडचा फोटो पाठवला. दाजींनी तो दोन बोटांनी मोठा करून कोपरा न् कोपरा पाहिला. "चांगलं हाय," म्हणाले आणि फोन खिशात ठेवला.

हिंगोलीला आल्यावर लोकांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "दाजी, हिमालयातला बर्फ ओला निघाला म्हनं, चार दिवस ऊन दाखवायचं होतं!" असं येता जाता सुरू झालं. थट्टेपर्यंत ठीक होतं. पण हळूहळू दाजींनी "ओली" म्हटलं की शेतकरी म्हणू लागला, "मशीन लावा. दाजीचा कान गेला आता." मशीन लागायचं, दाजींशी जुळायचं, तरी पुढच्या वेळी पुन्हा मशीनच मागायचे. वर्षभरात दाजींनी आडतीवर जाणं सोडलं. आणि ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात, कुत्र्यांसकट आणि बुटांसकट रंगवून सांगणारा माणूस मी होतो. दाजी पंगतीत माझ्या शेजारी बसून हसत असायचे.

परवा सुट्टीत त्यांच्याकडे गेलो होतो. गुडघा आता ओसरीची पायरीसुद्धा विचारून उतरतो. सकाळी सातला फोन वाजला. दाजी आंघोळीला गेले होते, म्हणून मी उचलला. खेचरवाला होता. माझा आवाज ओळखून म्हणाला, "मास्टरजी! आपकी छाती अब कैसी है?" मी म्हणालो, छातीला काय झालंय? तो हसला. "उस दिन तो बाबूजी ने आपकी छाती पर कान रखा था. आप सो रहे थे. बोले, इसके अंदर पानी बज रहा है. मैंने कहा, बाबूजी, बर्फ एकदम पक्का है, आप चलो, मैं मास्टरजी को नीचे भेज देता हूँ. बोले, नहीं. इसकी बहन को क्या बोलूँगा? और बोले, इसको मत बताना, नहीं तो जिद करके ऊपर चलेगा."

उभ्या आयुष्यात त्या माणसाने एकदाच ओलं-वाळलं खोटं सांगितलं, माझ्यासाठी सांगितलं, आणि त्या एका खोट्याची थट्टा मी गावभर वाटत फिरलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजी टॉवेलने डोकं पुसत आले. "कोन, आपला खेचरवाला? द्या इकडं." फोन स्पीकरवर गेला. "भैया, किधर है?" "आपकी खिंड पे खड़ा हूँ बाबूजी. पार उतरने वाला हूँ." "बराबर. तो फिर चलके सुनाओ." बाहेर ऊन तापायला लागलं होतं. ओसरीत पंख्याच्या घरघरीतून ती पावलं ऐकू येऊ लागली, करकर, करकर, स्वच्छ आणि खणखणीत. या वेळी ती चारावर थांबली नाहीत. दाजींनी डोळे मिटले. म्हणाले, "वाळला हाय." मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. "मास्तर, काहून गप बसले? हसा की."

पावलं पल्याड उतरत होती आणि रेंज तुटत चालली होती. मी फोन उचलून त्यांच्या कानाशी धरला आणि घशाशी आलेला खोकला गिळून टाकला.