पाच हायेत का?

माझ्या बायकोच्या मोठ्या मामांइतके पराभव पाहिलेला माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा सापडणार नाही, आणि त्यातला एक सोडला तर बाकीचा एकही पराभव त्यांचा स्वतःचा नव्हता. ते सगळे मंडळाचे होते. मंडळ म्हणजे त्यांच्या मोहल्ल्यातलं क्रीडा मंडळ, आणि क्रीडा म्हणजे फक्त बास्केटबॉल. मामा स्वतः कधी खेळले नाहीत. उंची पाच फूट दोन इंच, तीही सकाळी मोजली तर. पण वयाच्या नवव्या वर्षी ते वडिलांचं बोट धरून त्या सिमेंटच्या कोर्टाच्या कडेला जाऊन उभे राहिले. पुढे पाटबंधारे खात्यातली कारकुनी, लग्न, दोन मुलं, त्या मुलांची लग्नं आणि निवृत्ती ही मधली किरकोळ कामं उरकली, आणि अजून ते तिथंच उभे आहेत. मामी म्हणतात, "यायचं पहिलं लग्न त्या टीमशी झालं. मी दुसरेपणाची." हे त्या तक्रारीच्या सुरात म्हणत नाहीत. नव्या माणसाला घराची माहिती द्यावी तसं म्हणतात.

माझी आणि मामांची पहिली भेट मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात झाली. पोहे झाले, चहा झाला, माझा पगार दोनदा विचारून झाला. तेवढ्यात कोपऱ्यातले एक बुटके गृहस्थ उठले, माझ्या खुर्चीभोवती एक सावकाश फेरी मारून म्हणाले, "पाहुणे, जरा उभे राहून दोन्ही हात वर करता का?" मी घाबरून केले. त्यांनी मान मागे टाकून माझ्या बोटांच्या टोकांकडे पाहिलं, मग माझं वय विचारलं आणि सुतकी चेहऱ्यानं सांगितलं, "फुकट गेलं हो सगळं. दहा वर्षं आधी भेटायले पाहिजे होते." आमचं लग्न जमलं. मामांच्या लेखी मात्र मी आजही जवाई नाही. बास्केटखाली उभा राहायला हवा होता असा एक वाया गेलेला उंच माणूस आहे.

सामना चालू असताना मामा कधी ओरडत नाहीत. पंचाला शिवी नाही, समोरच्या टीमची हुर्रेवडी नाही. दोन्ही हात पाठीशी बांधून, देवळात उभं राहावं तसे उभे. खरा अंगात येण्याचा प्रकार सामना हरल्यावर. मग ते आपल्या एकेका खेळाडूजवळ जायचे, हात हातात घ्यायचे आणि प्रत्येकाला हरण्याचं वेगळं कारण द्यायचे. एकाला सांगायचे की ऊन डोळ्यात येत होतं, दुसऱ्याला सांगायचे की पूर्वेकडचा खांब दीड इंच कलला आहे. तिसऱ्याला खांद्यावर थोपटून म्हणायचे, "तू तर बरोबर फेकला गा, हवाच उलटी होती." मी एकदा म्हटलं, मामा, पानसुद्धा हललं नव्हतं. माझ्याकडे पाहून ते म्हणाले, "तुमच्या बाजूनं नसंल हललं."

एके काळी ही कारणं लागत नसत. मंडळ तेव्हा शहराच्या लीगमध्ये अ गटात होतं, आणि मोहल्ल्यातल्या बायका सामन्याच्या संध्याकाळी गॅलऱ्यांत खुर्च्या मांडून ठेवत. मग चांगल्या खेळाडूंना खेळाच्या कोट्यातून नोकऱ्या लागल्या आणि ते गावोगाव पांगले. त्यांच्या धाकट्या भावांनी बॅट उचलली. त्यानंतरची पिढी संध्याकाळी क्लासला जाऊ लागली आणि थेट पुण्यातच उगवली. मंडळ अ गटातून ब गटात आलं, ब मधून क मध्ये. क च्या खाली गट नव्हता म्हणून तिथं थांबलं. कोर्ट लग्नांना भाड्यानं जाऊ लागलं. मांडवाच्या खांबांसाठी कोणी तरी चक्क कोर्टातच भोकं पाडली. मामांनी घरून थापी आणि सिमेंट आणून ती एकट्यानं बुजवली. कारकुनी हात, प्रत्येक भोकाचं छोटं टेंगूळ झालं. चेंडू त्यावर पडला की कुठंही उडायचा. "आपल्या पोराय्ले टेंगळं पाठ हायेत," मामा म्हणाले, "घरच्या मैदानाचा फायदा भेटला." तो फायदा कधी दिसला नाही. प्रेक्षकांत मामा, आणि मामीनं पाठवलं म्हणून कधीमधी मी.

मामांना एकच धास्ती होती. लीगचा नियम असा, की एखादी टीम सामन्याला उतरलीच नाही तर तिचं नाव यादीतून कटतं. हरा कितीही, पाच जण मैदानात पाहिजेत. म्हणून ते सामन्याच्या दिवशी फाटकातून आत येणारी पोरं मोजायचे आणि भेटेल त्याला विचारायचे, "पाच हायेत का?" पाच झाले की त्यांचा श्वास खाली बसायचा. मग निकालाचं त्यांना काही वाटत नसे.

आणि एका मे महिन्यात चारच आले.

पाचव्याचा फोन बंद होता. समोरची टीम अंग गरम करून तयार. पंच घड्याळ पाहून राहिले होते. आमच्या टीमचा कॅप्टन किशोर, खापरखेड्याच्या वीज केंद्रात नुकताच लागलेला, शिफ्ट करून धावत आलेला. तो मान खाली घालून म्हणाला, "मामा, जाऊ द्या आता. कटू द्या नाव. कोणाले काय फरक पडते?" मामा पंचांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, यादीत बारावं नाव पाहा."

बारावं नाव त्यांचंच होतं. प्रवेशाचा फॉर्म दरवर्षी मामाच भरत. बारा रकाने आणि पोरं सात-आठ. सरकारी कारकून रकाना मोकळा सोडू शकत नाही, म्हणून शेवटच्या ओळीत ते सवयीनं स्वतःचं नाव टाकून मोकळे होत. वयाची अट नव्हती. पंचांनी यादी पाहिली, मामांकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. "बूट लागतील काका." त्यावर मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा पाय सहा नंबरचा, माझा दहा. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून, गुडघ्यापर्यंत येणारी पंधरा नंबरची जर्सी चढवून बासष्ट वर्षांचे मामा मैदानात उतरले, आणि मी तापलेल्या पायरीवर अनवाणी, एक पाय टेकवत एक उचलत.

ते आमच्या बास्केटखाली जाऊन दोन्ही हात वर करून उभे राहिले. दहा दहा मिनिटांचे चार डाव. समोरची कॉलेजातली पोरं खांबाला वळसा घालावा तशी त्यांना वळसा घालून चेंडू टाकत होती. एक जण हळूच म्हणाला, "काका, जरा सरका नं." मामा म्हणाले, "सरकत नसते बेटा. डिफेन्स हाय हा." तिसऱ्या डावात चेंडू कुणाच्या तरी हातातून निसटला आणि सरळ मामांच्या छातीवर आला. त्यांनी तो धरला. पन्नासहून जास्त वर्षं ज्याच्याकडे पाहत आले होते तो चेंडू सामन्यात पहिल्यांदा हातात. ते त्याच्याकडे पाहतच राहिले. कोणी हलेना. एवढा वेळ चेंडू धरून ठेवता येत नाही, पंचांनी केव्हाच शिटी मारायला हवी होती. शिटी त्यांच्या ओठांत होती, वाजली नाही. मग मामांनी चेंडू दोन्ही हातांनी किशोरला दिला, प्रसाद द्यावा तसा. किशोरनं तो नेऊन बास्केटमध्ये टाकला.

बाकी सामना किती गुणांनी हरलो ते विचारू नका. नाव कटलं नाही. दुसऱ्या दिवशी मामी त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या आणि बोलत होत्या, "कायले गेले होते वं माय हे या वयात? पडले असते तं?" मामा भिंतीकडे पाहत म्हणाले, "चारच होते नं."

त्यानंतर दोन वर्षं मंडळ कसंबसं पाचांवर तगलं. मग एका रविवारी किशोर मामांच्या घरी आला. ओशाळा उभा राहिला दारात. म्हणाला, "मामा, माह्या सुट्टीच्या दिवशी शिकवतो म्हणतो. पण पोरं नाही भेटत. पोरी हायेत."

मी कान टवकारले. मामा जुन्या वळणाचे. काय म्हणतात बघू.

मामांनी एवढंच विचारलं, "पाच हायेत का?"

"अकरा हायेत, मामा."

मामा खुर्चीत खाली बसले. मग आत तोंड करून ते म्हणाले, "चहा ठेव वं. अकरा हायेत म्हणते हा."

त्या अकरा जणींची कॅप्टन पायल नावाची, तोंडानं तिखट. मामा कडेला उभे राहून सांगायचे, "काहून वं, पाय काहून थांबले तुहे?" ती पळता पळताच ओरडायची, "तुमच्या टेंगळावर आपटले, मामा!" पोरींनी वर्गणी काढून ती टेंगळं फोडून कोर्ट सपाट करून घेतलं. मामा दिवसभर बाजूला उभे होते, कुणाच्या तरी ऑपरेशनला उभं राहावं तसे. मुलींच्या लीगमध्ये पोरी क मधून ब मध्ये गेल्या. पुढच्या हंगामात एक सामना जिंकला की अ गट. मामा मला म्हणाले, "जवाई, हे एक पाहू द्या फक्त. मंग देवाले काही मागत नाही."

आता मंडळाला गर्दी दिसू लागल्यामुळे मंडळात पदाधिकारीही दिसू लागले होते. त्यांनी ठरवलं की त्या निर्णायक सामन्याच्या मध्यंतरात मामांचा सत्कार करायचा. स्टेज, हार, प्रमुख पाहुणे. पोरी आठ गुणांनी पुढे होत्या. मध्यंतर पंधरा मिनिटांचं आणि वक्ते तीन. पहिल्यानं मंडळाचा इतिहास सांगितला, दुसऱ्यानं तोच पुन्हा सांगितला. फोटोसाठी आमच्या पोरींना स्टेजमागे ओळीनं उभं केलेलं. तिकडे समोरची टीम दुसऱ्या बास्केटवर मजेत चेंडू टाकून अंग गरम ठेवत होती. मामा शाल पांघरून, मांडीवर नारळ घेऊन बसले होते आणि त्यांचा चेहरा बघवत नव्हता. प्रमुख पाहुण्यांनी "निष्ठा म्हणजे काय" इथून सुरुवात केली, तेव्हा मामा उठले. नारळ त्यांनी पाहुण्यांच्याच हातात दिला आणि माइकजवळ तोंड नेऊन म्हणाले, "साहेब, तुमचं बोलणं लय चांगलं हाय. पण पोरी थंड्या पडून राहिल्या." आणि शाल काढत स्टेजवरून उतरले.

पोरी थंड्या पडल्याच होत्या. आठाची आघाडी पाहता पाहता गेली. शेवटच्या मिनिटात पायलनं दोन गुण काढले आणि मंडळ एका गुणानं जिंकलं. मामा आनंदानं नाचले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

अ गटातला पहिला सामना आमच्याच कोर्टवर झाला. मी मामांना घेऊन गेलो तर फाटकापासून गर्दी. पुढं प्लास्टिकच्या खुर्च्या, गळ्यात बिल्ले अडकवलेले कार्यकर्ते. त्यातल्या एकानं मामांना अडवलं, "काका, पास हाय का?" पदाधिकाऱ्यांनी पास पाठवला नव्हता, सत्काराचा राग असावा. माझा पारा चढला. म्हटलं, "मामा, सांगा ना त्याला तुम्ही कोण ते."

"काय सांगू?" मामा म्हणाले. "प्रेक्षक हाओ म्हणून? ते तं सगळेच हायेत."

आणि शांतपणे मागच्या भिंतीपाशी जाऊन हात पाठीशी बांधून उभे राहिले. त्यांच्या उंचीला तिथून कोर्ट दिसणं शक्य नव्हतं. चेंडू उंच गेला की तेवढाच क्षणभर दिसे, मग माणसांमागे बुडे, आणि काय झालं ते ओरड्यावरून कळे. मी थोड्या वेळानं विचारलं, "मामा, दिसतंय का काही?"

"दिसते नं," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं. ते वर चेंडूकडे पाहत नव्हते. समोर दाटीनं उभ्या असलेल्या त्या अनोळखी लोकांच्या पाठींकडे पाहत होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. त्यातल्या एकानंही मागे वळून पाहिलं नाही.