कॅमेऱ्याखालच्या मुगवड्या

नगरपंचायतीनं सेलूतल्या आमच्या चौकात चोरांवर नजर ठेवायला कॅमेरा आणि कचेरीत बसून त्यांना दरडावायला भोंगा बसवला. सगळ्यात जास्त खूश झाली ती पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी. तिचं नाव मला अजून ठाऊक नाही. रोज ती खांबाखाली बाज टाकते, मुगवड्या वाळत घालते आणि पदर सावरून कॅमेऱ्याला बजावते, "लक्ष ठेवजो रे बाबू, मी जेवून येतो."

"मावशी, तो चोरांसाठी आहे," मी एकदा म्हणालो.

"मंग बकरी काय मले इचारून खाते?"

तेवढ्यात भोंगा खरखरला, "मावशी, बकरी आली!"

चोरांचं माहीत नाही. बकरी मात्र हल्ली वर बघूनच चौक ओलांडते.