साळुंकीचा डोळा

आमच्या गावात घरं धाब्याची. सपाट मातीचं छत, त्यावर पांढरी खारी माती आणि कडेनं गुडघ्याएवढी भिंत. उन्हाळ्यात शेवया, कुरडया, सांडगे सगळं धाब्यावर वाळायचं आणि ते राखायला सुनेला बसवायचे. मी नवी सून होते. सासूबाई काठीला काळं फडकं बांधून द्यायच्या आणि म्हणायच्या, पाखरं हाकल. मी हाकलायचे कमी, बघत बसायचे जास्त.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती तेव्हा. दुसरबीडच्या बाजाराला आमची माणसं बैलगाडीनं जायची. माहेरी मी चौथी शिकले होते, पण चारचौघांत तोंडातून शब्द निघायचा नाही. सासरी तर "हो" आणि "नाही" यांच्यावरच दिवस निघायचे.

बोळाच्या पलीकडचं धाबं पिंजाऱ्याचं. त्याची बायको माझ्याहून बरीच मोठी. सगळं गाव तिला भाबी म्हणायचं. गाद्यांतली जुनी रुई उन्हात घालायला ती वर यायची. एका सकाळी मी काठी उचलली तशी ती पलीकडून ओरडली.

"अवं छोटी, हाकलू नको त्याले! हुदहुद हाये तो. सुलेमान पैगंबराचा डाकिया!"

आमच्या भिंतीवर मातकट रंगाचं एक पाखरू लांब चोचीनं माती टोचत होतं. डोक्यावरचा तुरा त्यानं पंख्यासारखा उघडला आणि मिटला. मी काठी खाली ठेवली. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "कोनाची चिठ्ठी आनली मंग त्यानं?"

भाबी कमरेवर हात ठेवून हसायला लागली. "बोलते वं हे! मले वाटलं, मुकीच सून आनली का काय यायनं."

तेव्हापासून रोजचं ठरलं. तिच्या घरामागं नाला आणि बाभळी, माझ्या घरामागं लिंब आणि विहीर. तिला दिसायचं ते मला दिसत नसे, मला दिसायचं ते तिला नाही. म्हणून ऊन चढायच्या आत दोघींनी आपापल्या भिंतीशी यायचं आणि सांगायचं. नाल्यातल्या डबक्यावर टिटवी आली. विहिरीत साळुंकीची पिलं ओरडतात. उन्हाळा सरत आला की काळ्या-पांढऱ्या रंगाचा, डोक्यावर शेंडी असलेला एक पक्षी यायचा. त्याचं नाव दोघींनाही ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला शेंडीवाला म्हणायचो. घरात कोणी मला काही विचारत नसे. भाबी मात्र रोज विचारायची, "सांग वं, आज काय दिसलं?" ते सांगायचं म्हणून मी नीट बघायला शिकले.

नंतरच्या एका उन्हाळ्यात ती साळुंकी आली. मी धाब्यावर पाण्याचा परळ ठेवत असे, पसरट मातीचा. ती त्याच्या काठावर बसली आणि मान वाकडी करून पाणी प्यायला लागली. तिचा एक डोळा फोडांनी पार मिटला होता. चोचीच्या मुळाशीही फोड. सासूबाई शेवया उलथायला वर आल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि हात जोडले.

"देवी आली तिले. हाकलू नको हो बाई. थंडं ठेव तिच्याम्होरं."

आमच्या घरात कोणाला देवी आल्या तर औषध नाही, मोठ्यानं बोलणं नाही, उशाशी लिंबाचा पाला आणि खायला थंड. तेच साळुंकीला केलं. परळाशी लिंबाचा डहाळा ठेवला, परळात दहीभात घातला. मी रोज नेमानं घालायचे. भात दिसल्यावर साळुंक्या आल्या, चिमण्या आल्या, बुलबुल आले. मला केवढा आनंद. सांगायला खूप काही होतं.

"तुह्या घरी त पंगतच बसली," भाबी म्हणाली.

थोड्या दिवसांनी आणखी दोन साळुंक्यांच्या चोचीशी फोड दिसले. एक पिलू लिंबाखाली मरून पडलेलं मी बघितलं. ते भाबीला सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तिनं परळाकडे बोट दाखवलं.

"माह्या कोंबड्याईले असंच झालं होतं, छोटी. समद्या एकाच भांड्यात तोंड घालत. म्या भांडं उचललं, तवा ज्या राह्यल्या त्या राह्यल्या."

"पन आत्याबाई म्हनतेत, देवी हाये." सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे.

"असन. म्या कुठं नाही म्हनलं? देवीचं भांडं घासायले मनाई हाये का?"

संध्याकाळी सासूबाई चुलीशी होत्या. मी दारात उभी राहिले. "आत्याबाई, तो परळ राखेनं घासू का? देवीले उष्ट्यात कसं द्यावं?"

त्यांनी वर बघितलं. मी आपणहून काही बोलले याचंच त्यांना नवल वाटलं असावं. "घास," म्हणाल्या.

मग भात बंद केला. फुटक्या माठाच्या खापऱ्या लांब लांब ठेवल्या आणि त्यांत फक्त पाणी. रोज राखेनं घासून, उन्हात वाळवून पुन्हा भरायचं. पलीकडे भाबीही तसंच करायची. नवी आजारी पाखरं दिसेनाशी झाली. ती पहिली साळुंकी मात्र एकटीच भाबीच्या भिंतीवर येऊन बसायची, डोळा मिटलेलाच. आम्ही दोघी तिची वाट बघायचो. ती आली की दिवस बरा जायचा.

आणि मग भाबीच निघाली. तिच्या दिराचं जालन्याला दुकान होतं, त्यानं भावाला बोलावून घेतलं. गाडीत पेट्या चढल्या, पिंजायची धनुकली चढली. ती शेवटची धाब्यावर आली.

"तिचा डोळा उघडला का मले सांगजो."

"कशी सांगू?"

"इथूनच आवाज दे. पर तुहा आवाज त बोळातच पडते." ती हसली.

मला म्हणायचं होतं, जाऊ नको. मी म्हटलं, "नाल्याकडलं आता मले कोन सांगन?"

तिनं तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. "हुदहुद सांगन," म्हणाली आणि खाली उतरली. बोळाच्या वळणापर्यंत गाडी दिसत होती.

मृग लागायच्या आत धाब्यावर नवी खारी माती टाकायची असते. मी टोपली घेऊन माती पसरत होते, तेवढ्यात भाबीच्या भिंतीवर साळुंकी बसली. डोळ्यावरची पिसं झडून टक्कल पडलं होतं, त्यावरून ओळखली. तिनं माझ्याकडे मान वळवली. डोळा उघडा होता. भोवती पिवळी कड, आत चकचकीत काळं.

मातीच्या हातांनीच मी उभी राहिले आणि ओरडले, "भाबी! उघडला वं डोळा!"

आवाज बोळ ओलांडून गेला. पलीकडच्या कुलूप लावलेल्या घरावर आदळला. कुत्री भुंकली, साळुंकी उडाली.

"कोनाले आवाज देऊन राह्यली वं?" खालून सासूबाई.

"कोनाले नाही."

त्या शिडी चढून वर आल्या. पलीकडचं रिकामं धाबं बघितलं, माझं तोंड बघितलं. "वाचली का ते साळुंकी?"

"हाव."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. मग माझ्या हातातली टोपली घेऊन त्यांनी स्वतःच राहिलेली माती पसरली.

पुढं ते घर दुसऱ्यांनी घेतलं. जालन्याला माझं कधी जाणं झालं नाही. भाबीचा काही निरोपही आला नाही. उन्हाळ्यात मी अजून खापऱ्या राखेनं घासते आणि ऊन चढायच्या आत भिंतीशी जाऊन उभी राहते. पाखरं नाल्याकडून येतात. त्या डबक्यावर टिटवी आली की नाही, ते इथून दिसत नाही.